आधी मुस्तिक

गुरुवारी संध्याकाळी आम्ही खेळतो
वोरूच्या पुढे, जिथे डांबर संपतं,
त्या बंद पडलेल्या दूध संकलन केंद्रात.
चार खुर्च्या, एक शेगडी, वीस बाजूंचा फासा,
आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी,
त्या जगातलं हवामान ठरवणारी.

या वेळी मी एक शेत मांडलं होतं,
तलवारींच्या राज्यातलं, राय पिकवणारं.
तिथे काय बिघडलंय ते वाचून दाखवलं:
पहाटे विहिरीतून कुणीतरी खोकतं.
शेजाऱ्यांची साय जाते, ती इथल्या मडक्यात सापडते.
कोठार रोज रात्री थोडं थोडं फुगतं.
आणि गाय पान्हा चोरते,
कुणी टक लावून बघत असल्यासारखी.

उर्वेनं तलवार उपसली. ती नेहमीच उपसते.
काउरनं ज्वालेचा मंत्र राखून ठेवला.
हिल्लार गप्प.
बहात्तरचा आहे. घरची वीज गेली म्हणून आला होता,
ऊब आहे तोवर बसतो म्हणाला.
पात्र निवड म्हटलं, तर ना योद्धा ना जादूगार.
"गडी लिही. शेतावरचा गडी."
"शस्त्र?"
"हात आहेत की."

मग तो विचारत सुटला.
गाय कितव्या वेताची?
रविवारी धार कोण काढतं?
मालकीण झोपते कधी?
माझ्या आडोशामागे यातलं काही लिहिलेलंच नव्हतं.
आडात नाही, पोहऱ्यात कुठून आणू?
सुचेल ते सांगितलं:
तिसऱ्या. मालकीणच. झोपत नाही.
"हं," म्हणाला, "मग तिनं मदतीला काहीतरी बनवलं असणार."

चार गुरुवार पुरवायचं रहस्य
त्यानं पाऊण तासात माळ्यावरून खाली आणलं:
पाय मोडक्या दंताळ्याचे, डोकं फुटक्या हंड्याचं,
पोटात पेंढा, छातीत मालकिणीच्या रक्ताचे तीन थेंब.
आमच्याकडे त्याला क्राट म्हणतात.
काम दे, म्हणतो. काम दे, काम दे.
काम संपलं की मालकाचीच मान धरतो.

मारू, उर्वे म्हणाली.
पावाची शिडी करायला सांगू, काउर म्हणाला,
शाळेत शिकलाय, अशक्य कामानं क्राट जळून जातो.
हिल्लार शेगडीकडे बघत होता.
"त्याला बस म्हणा.
कुणी म्हटलंच नसेल."

फासा टाकला त्यानं, फार जोरात,
तो शेगडीखाली गेला.
काउर पालथा पडला, टॉर्च लावला.
"चार."

चारावर काही होत नाही.
मी खोटं बोलले असते, पण काउरनं पाहिला होता.
क्राट बसायला गेला.
बसायला त्याला गुडघेच नव्हते.
दात्यावर दाता घासला, ठिणगी,
पेंढा, आणि मग सगळं कोठार.

उर्वे म्हणाली, मी धावून जाते.
काउर पाण्याचा मंत्र शोधत पानं उलटत होता.
हिल्लार उभा राहिला, खराखुरा. खुर्ची मागे पडली.
"आधी मुस्तिक!
दावं कापा, गाठ सोडत बसू नका.
डोळ्यांवर पोतं टाका, नाहीतर परत आत जाईल.
गुरं परत आगीत जातात.
घर वाटतं त्यांना ते."

मी गायीला नाव दिलं नव्हतं.
कुणी काही बोललं नाही. नकाशावर
गोठ्याच्या चौकोनात मी लिहिलं: मुस्तिक.
फासा मागायचा राहूनच गेला.

एप्रिलमध्ये फाट्यावर माझी गाडी थांबवून
जनावरांचा एक ट्रक पुढे गेला होता.
कुणाचा, ते तेव्हा मी विचारलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्याच्याकडे वीज होती.
तरी आला. बूट झटकले, बसला.
"मालकीण?"
"जागी आहे. राखेत दंताळ्याचे दाते वेचते आहे."
"तिला म्हणावं झोप. धार मी काढतो."
आणि मग तासभर खेळात काहीच घडलं नाही.
उर्वेची तलवार भिंतीला टेकलेली.
काउरनं विचारलं, बादली कुठे धरायची,
आणि हिल्लारनं त्याला
रिकाम्या हातांनी दाखवलं.